अदंभित्व, गाडगेबाबा आणि माझा एक फोटो



आजचं वाचन गीतेच्या 13व्या अध्यायातलं. ज्ञानाची लक्षणं चालू आहेत. अमानित्व झालं, आता त्याच श्लोकातला पुढचा शब्द, अदंभित्व. मधे चार दिवस पोस्ट आली नाही, दोघा-तिघांनी मेसेज करून विचारलंही. ऑफिसमध्ये रिलीज होतं असं मी सांगितलं. रिलीज होतं हे खरं, पण पोस्ट अडली होती ती या शब्दापाशी.

अदंभित्व म्हणजे आपण केलेल्या चांगल्या गोष्टीचा गाजावाजा न करणं. एवढं कुठल्याही कोशात मिळेल. माउलींनी मात्र ते समजावताना दिलेले दाखले बघा. लोभी माणूस जीव गेला तरी पुरलेलं धन कुठे आहे ते सांगत नाही. खट्याळ गाय आलेला पान्हा चोरते. रानात चोरांच्या तावडीत सापडलेला श्रीमंत आपली श्रीमंती लपवतो. आणि शेतकरी पेरलेलं बी मातीखाली झाकतो. यातला एकही दाखला साधुसंतांचा नाही. लोभी, घाबरलेली, व्यवहारी माणसं घेतली आहेत. जणू माउली म्हणतायत की बाबांनो, लपवण्याची कला तुम्हाला येतेच, फक्त ती आपल्या पुण्याच्या बाबतीत वापरा. शेतकऱ्याचा दाखला मला सगळ्यात जवळचा वाटतो. बी उघडं राहिलं की पाखरं टिपतात. झाकायचं ते लाजेने नाही, उगवावं म्हणून.

आता माझं उघडं राहिलेलं बी.

माझं ऑफिस लोअर परळला, घर लालबागला. दीड वर्षापूर्वी ऑफिसातल्या आम्ही सात-आठ जणांनी रविवारी सकाळी परळच्या फुटपाथवर नाश्ता वाटायला सुरुवात केली. टाटा हॉस्पिटलच्या आसपास ज्यांनी वावर केलाय त्यांना ते फुटपाथ माहीत असतील. कॅन्सरच्या उपचारांसाठी अख्ख्या देशातून माणसं येतात, उपचार महिनोन् महिने चालतात, मुंबईत खोली घेणं परवडत नाही. मग ताडपत्री, बॅगा, रिपोर्टची पिशवी आणि स्टोव्ह. आम्ही पोहे, चहा आणि केळी घेऊन जायचो. दुसऱ्याच रविवारी मी एक फोटो काढला. एक बाई, साधारण माझ्या आईच्या वयाची, शेजारी डोक्याला रुमाल बांधलेला मुलगा, आणि तिच्या हातात पोह्यांचं पाकीट देणारा मी. फोटो टीममधल्या एकाने काढला, पण काढायला मीच सांगितला होता. क्लिक व्हायच्या क्षणी त्या बाईने पदर ओढून घेतला. फोटोत तिचा चेहरा अर्धाच दिसतो. माझा पूर्ण दिसतो.

मी तो टाकला. खाली सेवेबद्दल दोन ओळी लिहिल्या. लाइक्स भरपूर आले. त्या दिवशी मी किती वेळा फोन उघडून बघितला हे सांगत नाही.

आमच्या जुन्या खोलीत देव्हाऱ्याच्या वर गाडगेबाबांची तसबीर होती. आजोबा गिरणीत होते. तरुणपणी त्यांनी बाबांचं कीर्तन ऐकलं होतं. त्यातलं त्यांच्या लक्षात काय राहिलं होतं, तर बाबा बोलतात कमी आणि विचारतात जास्त, आणि हजारो माणसं एकदम उत्तर देतात. लहानपणी मला ती तसबीर भीतीदायक वाटायची. पिंजारलेले केस, ठिगळांचे कपडे, हातात खराटा. देव्हाऱ्यावर असा माणूस कशाला? त्या फोटोनंतर काही दिवसांनी मी प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिलेलं बाबांचं चरित्र हातात घेतलं. प्रबोधनकार म्हणजे आपल्या दादरचेच. बाबा हयात असतानाच त्यांनी ते लिहिलं. आज अदंभित्वावर लिहायचं तर मला दुसरा माणूस सुचत नाही.

नाव डेबू. डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात, परीट कुटुंबात. वडील झिंगराजी दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. मामाकडे गुरं राखणं, मग नांगर. शाळा नाहीच. पण शेतीत हा मुलगा वाघ होता. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात अडकली, तेव्हा अक्षरओळख नसलेल्या माणसाला कागदावर कसं लुटतात ते त्याने घरातच बघितलं. पुढे आयुष्यभर कीर्तनात ते कर्ज, दारू आणि मुलांची शाळा या तीन गोष्टींवर का घसरायचे, त्याचं मूळ मला इथे दिसतं. घरातली भांडी विका पण पोरांना शिकवा, हा त्यांचा आग्रह पुस्तकातून आलेला नव्हता.

लग्न झालं, कुंताबाईंशी. मुलं झाली. मुलीच्या बारशाला भाऊबंदकीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण द्यायचं, तर याने गोडाचं जेवण दिलं. लोक बिनसले. हरकत नाही.

1 फेब्रुवारी 1905. पहाटे हा माणूस घर सोडून निघाला. पुढची 12 वर्षं भटकंती. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि मातीचं एक फुटकं गाडगं. त्यातच खायचं, त्यातच पाणी प्यायचं, ऊन लागलं की तेच डोक्यावर. त्या गाडग्यावरून नाव पडलं. वाटेत कुणाचं शेतातलं काम अडलेलं दिसलं की मदतीला जायचं, आणि काम संपलं की भाकरतुकडा घेऊन पुढच्या वाटेला लागायचं. मजुरीसाठी थांबायचं नाही.

आपल्यातल्या कोडिंगवाल्यांना पटकन कळेल म्हणून सांगतो. फंक्शन काम करतं आणि काहीच परत करत नाही, त्याला आपण व्हॉइड म्हणतो. कॉलेजमध्ये मला वाटायचं, काही परत देत नसेल तर ते फंक्शन काय कामाचं? नोकरीला लागल्यावर कळलं की सिस्टिममधली बरीच खरी कामं तीच करतात.

अमरावतीजवळ पूर्णा नदीकाठी ऋणमोचन नावाचं तीर्थ आहे. पौषात रविवारी तिथे जत्रा भरते. ऋण फेडायला लोक येतात आणि काठावरच्या चिखलात रुततात, अशी तिथली अवस्था होती. आलेल्यांचं पुण्य व्हायचं, त्यांचे पाय सोडवायला कुणी नव्हतं. बाबांनी लोकांना हाताशी धरून तिथे घाट बांधला. पुढच्या सगळ्या आयुष्याचा साचा इथे दिसतो. जिथे लोक देवासाठी जमतात तिथे जायचं, आणि देवाकडे जाताना त्यांनी जे मागे टाकलंय ते उचलायचं. चिखल, उष्टं, घाण, आणि मग माणसं.

पंढरपूरला ते वारीला जायचे, पण देवळात दर्शनाला नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात खराटा घेऊन. मला हे आधी थोडं आडमुठेपणाचं वाटायचं. एवढ्या लांब जाऊन विठ्ठलाला भेटायचं नाही? पण ज्यांना देवळाची पायरीसुद्धा चढू देत नव्हते, त्यांना उतरायलाही जागा नव्हती. बाबांनी आधी त्यांच्यासाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली. मग मराठा धर्मशाळा, मग नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा. मूर्तिजापूरला गोरक्षण. आंधळ्या-पांगळ्यांसाठी, कुष्ठरोग्यांसाठी अन्नदान. हे सगळं अक्षर न ओळखणाऱ्या माणसाने केलं, आणि पैशाला स्वतः हात न लावता. हिशेब दुसऱ्या विश्वासू माणसांकडे.

आता गंमत अशी की या माणसाचं काहीच लपलेलं नव्हतं! सकाळी गावात शिरायचे ते खराटा फिरवत, भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत. रात्री त्याच गावात कीर्तन, वऱ्हाडी बोलीत, गोपालाच्या गजरात, हजारोंच्या गर्दीत. मुंबईत तर मोठमोठी माणसं त्यांना ओळखत होती. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना त्यांच्याशी जवळीक होती. धर्मशाळा बांधायला पैसा लागतो, तो श्रीमंतांकडूनच यायचा, आणि देणाऱ्या प्रत्येकाच्या मनात निखळ भूतदया होती असं मी तरी मानणार नाही. कुणाला पुण्य हवं असेल, कुणाला नाव. बाबांनी ते घेतलं आणि त्याचं छप्पर केलं. छपराखाली झोपणाऱ्याला वरचा पत्रा सात्त्विक दानाचा आहे की राजस दानाचा, याने फरक पडत नाही. पाऊस दोन्हीतून सारखाच अडतो.

मग अदंभित्व ते कुठे? सगळं जगासमोर करणारा माणूस अदंभी कसा?

इथेच मी चार दिवस अडलो होतो. मला वाटतं, बाबांनी काम झाकलं नाही, कामाचं जे परत येतं त्याच्या वाटा बुजवल्या. एकेक करून, कुदळ-फावड्याने बुजवाव्यात तशा. लोक पाया पडायला वाकले की ते दूर पळायचे, काठीसुद्धा उगारायचे. कीर्तन संपलं की गर्दी पांगायच्या आत दुसऱ्या वाटेने निघून जायचे, म्हणजे हार, नमस्कार, जेवणाचं आमंत्रण, सगळंच चुकायचं. आपण कुणाचे गुरू नाही आणि कुणी आपला शिष्य नाही, हे ते सांगत राहिले, म्हणजे गादी नाही, परंपरा नाही. एवढ्या धर्मशाळा बांधल्या, पण त्यातली एकही खोली स्वतःसाठी ठेवली नाही. 1952 साली मिशन स्थापन झालं, संस्था त्याच्या हाती गेल्या, नात्यागोत्याला त्यात वाटा नाही. चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी 1949 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. स्वतः उभी केलेली वास्तू, पंढरपुरात, आणि दिली कुणाला, तर देवधर्मावर टीका करणाऱ्या माणसाला, कारण त्या वास्तूत मुलं शिकणार होती. माझं पहिलं साइड प्रोजेक्ट कंपनीतल्या ज्युनिअरकडे सोपवताना मला आठवडाभर झोप नव्हती, आणि ते प्रोजेक्ट कुणी वापरतही नव्हतं.

एक प्रसंग सगळ्यांना माहीत असतो, तरी सांगतो. 1923. कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू होतं. तिथे निरोप आला की मुलगा गोविंदा गेला. एकुलता उरलेला मुलगा. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही.

मंडळी, हा प्रसंग कीर्तनकार वैराग्याचा कळस म्हणून सांगतात आणि श्रोते डोळे पुसतात. मला मात्र तो दर वेळी टोचतो. कारण त्या क्षणी कुंताबाई शेकडो मैलांवर होत्या, मुलाच्या मढ्याजवळ. नवऱ्याने सगळ्या वाटा बुजवल्या त्यात घराकडे जाणारी वाटही बुजली. या बाईने संन्यास घेतला नव्हता, तिच्यावर तो आला. ऋणमोचनला झोपडीत राहून तिने दिवस काढले. नवऱ्याच्या नावावर लाखोंच्या वास्तू उभ्या राहत होत्या आणि तिला त्यातलं काही नव्हतं. आईला मी हे बोललो, तेव्हा भाजी निवडता निवडता ती एवढंच म्हणाली की तिचं चरित्र कुणी लिहिलंय का ते बघ आधी. मी बाबांना कमी लेखत नाहीये. पण हेतू शुद्ध असला म्हणून त्याची किंमत आपण एकटेच भरतो असं नाही, हे त्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसतं, आणि ते न बघता नमस्कार करणं हाही एक दंभच. याचं उत्तर माझ्याकडे नाही, कुणाकडे असेल तर जरूर लिहा.

मुंबईशी त्यांचं नातं शेवटपर्यंत राहिलं. भायखळ्याला जे. जे. हॉस्पिटलजवळ त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा केली. तोवर धर्मशाळा बहुतेक तीर्थाच्या ठिकाणी असायच्या. बाबांना हॉस्पिटलच्या दारात थांबलेली माणसंही वारकरीच वाटली असावीत. त्यांच्या मागे मिशनने दादर पूर्वेला धर्मशाळा उभी केली, ती आज कॅन्सरच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी चालते. दादर स्टेशनवरून रोज जाणाऱ्या आपल्यातल्या कितीजणांना ती माहीत आहे? मला पस्तिशी येईपर्यंत नव्हती.

त्यांचं शेवटचं कीर्तन नोव्हेंबर 1956 मध्ये मुंबईतच झालं, वांद्र्याला, पोलिसांसमोर. ते ध्वनिमुद्रित झालंय. इयरफोन लावून लोकलमध्ये ऐकू नका, हसू आवरत नाही आणि शेजारचा बघत बसतो. 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. बाबांची तब्येत आधीच ढासळलेली होती. 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. रस्त्यातच. आयुष्यभर ज्याने मुक्कामाची सोय केली तो मुक्कामी पोचला नाही.

आता परत परळला येतो.

फोटोनंतरही आमचे रविवार चालू राहिले. सात-आठातले तिघे उरले. पावसाळ्यात एका रविवारी त्याच जागी तीच बाई दिसली. मुलगा बरोबर नव्हता. मी विचारायचं धाडस केलं नाही, तिनेच सांगितलं की तो आत वॉर्डमध्ये आहे, ताप उतरत नाही. मग ती म्हणाली, भाऊ, पोहे नकोत, पोराला गरम पाणी लागतं सारखं, थर्मास फुटलाय. मी पोह्यांची पिशवी मित्राकडे दिली आणि थर्मास शोधत परळ नाक्यापर्यंत गेलो. रविवार सकाळ, अर्धी दुकानं बंद. शेवटी एका भांड्यांच्या दुकानात मिळाला. चहावाल्याकडून गरम पाणी भरून आणून दिला. तिने झाकण घट्ट आहे का ते दोनदा तपासलं, हॉस्पिटलच्या गेटकडे चालू लागली आणि एकदाही मागे बघितलं नाही. आभार नाहीत, काही नाही. तिला घाई होती.

तिथे उभं राहून मला जे वाटलं ते लिहितो, कारण नाहीतर या पोस्टला अर्थ नाही. आधी वाटलं, किती बरं वाटतंय, फोन खिशात आहे आणि मी तो काढला नाही. दुसऱ्याच सेकंदाला डोक्यात वाक्यं जुळायला लागली, की हे अदंभित्वाच्या पोस्टमध्ये किती छान बसेल. थर्मास तिच्या हातात पोचून दोन मिनिटंही झाली नव्हती. म्हणजे मी एक वाट बुजवली आणि बाजूला दुसरी खणून ठेवली. हा ब्लॉग. तुम्ही हे वाचताय, तुमच्यातले काही जण खाली लिहाल की किती प्रामाणिकपणे लिहिलंय, आणि मला ते आवडेल. बाबांकडे काठी होती. ती ते लोकांवर उगारायचे की स्वतःमधल्या कुणावर, हे मला आता नीट सांगता येत नाही.

शेतकरी बी झाकतो तेव्हा स्वतःलाही ते दिसेनासं होतं, हे मला या चार दिवसांत कळलं. रोज उकरून बघणाऱ्याचं शेत कसं उगवणार?

तो फोटो अजून आहे. काल रात्री डिलीट करायला उघडला. त्या बाईचा अर्धा चेहरा, पदर, रुमाल बांधलेला मुलगा, सगळं परत बघितलं. पण त्याआधी, अगदी पहिल्यांदा, नजर खाली लाइक्सच्या आकड्यावर गेली. चार वाढले होते.

फोटो काढून टाकला. मुलगा कसा आहे माहीत नाही. उद्या रविवार आहे, जाईन तेव्हा विचारेन.

पुढच्या पोस्टमध्ये त्याच श्लोकातला पुढचा शब्द, अहिंसा.

रामकृष्णहरी.